पुढच्या सीटचा पट्टा

जुनी गाडी बघायला गेल्यावर आमचे अण्णा गाडीवाल्याच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. निदान आधी तरी नाहीच. "आधी गाडी, मग चहा," असं ते दारातच सांगायचे आणि समोरच्यानं कितीही आग्रह केला तरी कप परत आत पाठवायला लावायचे. चहा पोटात गेला की जीभ जड होते, मग इंजिनात खडखड ऐकू आली तरी माणूस 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. फौजेत वीस-बावीस वर्षं ट्रक चालवून हवालदार होऊन ते साताऱ्याला घरी आले होते. गल्लीत, ओळखीत, ओळखीच्यांच्या ओळखीत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की तो रविवारी सकाळी आमच्या दारात हजर. मग अण्णा पांढरा रुमाल खिशात घालून निघायचे. कोरेगाव, कराड, पाटण, कुठंही. पैसे घ्यायचे नाहीत. गाडी चांगली निघाली तर एक कप चहा, वाईट निघाली तर तोही नाही. गाडीवाल्यांनी त्यांना किती शिव्या घातल्या असतील देव जाणे.

मी दोन-तीनदा हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले होते. गाडी आधी तापवून ठेवली असेल तर ते बॉनेटवर नुसता हात ठेवायचे आणि म्हणायचे, "थंड होऊ दे. आपल्याला घाई नाही." थंड इंजिन चालू करताना जे कळतं ते तापलेलं इंजिन लपवतं. मग सायलेन्सरच्या तोंडापाशी रुमाल धरायचा, त्यावर काय उमटतं ते बघायचं. पत्र्यावर बोटांची पेरं वाजवत सगळ्या गाडीभोवती फिरायचं, कुठं पुट्टी भरली आहे ते आवाजावरून सांगायचं. शेवटी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत उभं राहायचं. तेवढ्या वेळात मी चार वेळा पाय बदलायची. मला उभं राहणं जमत नसे, बसणं जमत नसे. आई म्हणायची, "हिच्या पायात भिंगरी हाय." आजही तेच. हे प्रकरण लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले.

गोडोलीतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मागं मोरी आणि पुढं पत्र्याची शेड. शेड अण्णांनी रिटायर झाल्या झाल्या बांधली ती गाडीसाठी. गाडी मात्र नव्हती. आईला त्यांनी नोकरीत असल्यापासून दरवर्षीच्या पत्रात लिहिलं होतं की घरी आलो की स्वतःच्या गाडीतून तुला पाटणला तुझ्या बहिणीकडे नेईन. आई त्या शेडमध्ये मिरच्या वाळत घालायची. उन्हाळ्यात सगळी शेड लाल व्हायची आणि आम्ही शिंकत शिंकत ये-जा करायचो. संध्याकाळी अण्णा जेवायला बसले की हमरस्त्यावरनं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा. हातातली भाकरी तशीच धरून ते म्हणायचे, "हा तिसऱ्या गियरातच रेटतोय, दुसरा टाकायला पाहिजे." आई घेवड्याच्या आमटीची पळी त्यांच्या ताटात रिकामी करायची आणि म्हणायची, "आवं, त्याची गाडी तो बघंल. तुमी जेवा."

माझी थोरली बहीण विमल, म्हणजे ताई, माझ्या अगदी उलट. शांत, सावकाश, एका जागी बसून दिवसभर शिवण करणारी. तिचा एकच त्रास होता, तिला गाडी लागायची. मागच्या सीटवर बसली की दहा मिनिटांत चेहरा पांढरा. त्यामुळे कुठल्याही गाडीत पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा ताईची, हे आमच्याकडे ठरलेलंच होतं. ती चोवीस वर्षांची झाली तरी लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं होतं. तेव्हापासून घरात सगळेच हळू आवाजात बोलायला लागले होते. म्हणून सांगलीचं स्थळ आलं, मुलगा तिला आणि ती मुलाला आवडली आणि सुपारी फुटली, तेव्हा आई देवापुढं बसून रडली. ताईसुद्धा शिवताना गुणगुणायला लागली. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मुलाचे वडील तात्या. विश्रामबागेत घर, शेतीच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान, बोलायला मोकळे. सुपारीच्या दिवशी पुरणपोळी वाढता वाढता तेच म्हणाले, "अण्णा, तुमची शेड मोकळी हाय म्हनं. माजी पांढरी गाडी हाय की. मी आता नवी घ्यायला लागलोय. भाईर कुनाला तरी द्यायची ती तुमीच घ्या. घरातली गाडी घरात." अण्णांच्या तोंडात पोळीचा घास होता. ते हसले आणि मान हलवली. झालं. पुढच्या आठवड्यात तात्यांनी ड्रायव्हरबरोबर गाडी साताऱ्याला पाठवून दिली, चार दिवस ठेवून बघा म्हणून. बरोबर एक मोठी पिशवी भडंग.

गाडी पांढरीशुभ्र होती. आतमध्ये नवी सीट कव्हरं, समोर अत्तराची बाटली. दार उघडलं की चंदनाचा असा लोट यायचा की आई म्हणाली, "देवळात आल्यासारकं वाटतंय." मिरच्या शेडमधून हलल्या. शेजारपाजारचे बघून गेले. मी वाट बघत होते की अण्णा रुमाल काढतील, पेरं वाजवतील, डोळे मिटून ऐकतील. त्यांनी गाडी धुतली. काचा पुसल्या. बॉनेट उघडलंच नाही. मी विचारलं, "अण्णा, बघणार नाही का?" ते म्हणाले, "व्याह्याची गाडी आहे. ती काय बघायची?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. चार दिवस मी त्या शेडभोवती घिरट्या घालत होते. का ते मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर अण्णांनी पाच मिनिटांत तिचा सातबारा काढला असता, आणि इथं ते आरसा पुसत बसले होते, एवढंच मला टोचत होतं.

रविवारी व्यवहार पक्का करायला अण्णा आणि मी त्याच गाडीनं सांगलीला निघालो. लग्न ठरलेली मुलगी सासरी जायची नाही म्हणून ताई घरी, आणि आई ताईसाठी घरी. ताईच्या जागेवर, पुढच्या सीटवर, मी. कराड मागं पडलं, पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो. मी खिडकीची काच वर-खाली केली, कप्पा उघडला, बंद केला. मग खांद्याशी लोंबणारा पट्टा हाताला लागला. त्या काळी पट्टा लावून कुणी बसत नसे. तो असतो, एवढंच माहीत. हाताला चाळा म्हणून मी तो ओढायला लागले. थोडा आला आणि अडला. मी जोर लावला. आणखी आला. आष्टा यायच्या आत मी तो पूर्ण बाहेर ओढला होता, आणि शेवटचा हातभर पट्टा काळा नव्हता. तपकिरी होता. मध्ये एक सरळ रेघ, रेघेच्या अलीकडे काळा, पलीकडे मातीचा. मी अंगठ्यानं घासलं तर वाळलेला गाळ भुरभुर माझ्या फ्रॉकवर पडला.

सांगलीचा पूर आम्ही फोटोंत बघितला होता. आधल्या पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली होती. पाणी उतरल्यावर भिंतींवर राहिलेली रेघ फोटोत दिसत होती. अशीच, सरळ.

"अण्णा," मी म्हणाले आणि पट्टा वर धरला.

अण्णांनी रस्त्यावरची नजर क्षणभर काढली आणि परत रस्त्यावर नेली. "सोड ते. आत जाऊ दे."

मी सोडला. पट्टा आत गेला नाही. ढकलला, हलवला, तरी तो माझ्या मांडीवर तसाच वेटोळं करून पडून राहिला. गाडी धुणाऱ्यानं सगळं धुतलं होतं, सीटा बदलल्या होत्या, चंदन ओतलं होतं. जे कधी कुणी बाहेर काढत नाही तेवढं राहून गेलं होतं. सांगलीत तात्यांच्या दारात उतरताना तो पट्टा गाडीच्या दारात अडकला आणि बाहेर लोंबत राहिला.

आत गेल्या गेल्या तात्यांच्या मंडळींनी, आक्कांनी, चहा आणला. मी अण्णांच्या हाताकडे बघत होते. तात्या म्हणाले, "घ्या, आपल्या घरचाच हाय," आणि अण्णांनी कप घेतला. गाडीचा व्यवहार व्हायच्या आधी.

"मग? गाडी कशी वाटली?" तात्यांनी विचारलं.

"छान आहे."

"भावाचं आता तुमीच बोला."

"मी काय बोलणार, पाव्हणं? तुमचा शब्द म्हणजे झालं."

"न्हाई, न्हाई. गाडीतलं तुमाला कळतंय. तुमी म्हनाल त्यो."

"तुम्ही म्हणाल तो."

असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. दोघंही हसत होते आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मी सतरंजीचा दोरा ओढत होते. अर्धी किनार उसवली होती. ताई डोळ्यांपुढं येत होती, तिचं गुणगुणणंही ऐकू येत होतं. आता गप्प बसायचं, एवढंच मी स्वतःला बजावत होते, आणि माझ्याच तोंडून आलं, "तात्या, ही गाडी पुरात होती का हो?"

उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून. आक्का पिठानं भरलेले हात तसेच धरून उभ्या होत्या.

"व्हय. दोन दिस पान्यात हुती. शिटा बुडाल्या हुत्या. मी ह्यास्नी कवाच म्हनलं, पाव्हन्यास्नी सांगा."

"अगं, सांगायचं काय त्यात?" तात्या म्हणाले. "अण्णांच्या नजरंतनं सुटतंय व्हय? मला वाटलं त्यास्नी कळलंय, आन् कळूनबी चालतंय. म्हनून तर मी भाव बोललो न्हाई."

अण्णांनी कप खाली ठेवला. "नंदा, बाहेर जाऊन बस."

मी अंगणात तुळशीपाशी जाऊन बसले. बसले कसली, उभीच होते. थोड्या वेळानं आक्का आल्या आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "आमचे अण्णा गाडी बघायच्या आधी कुणाचा चहा घेत नाहीत. तुमच्याकडे घेतला." त्या बिचाऱ्यांना त्याचा काय अर्थ लागणार होता? पण मला त्या वेळी तेवढंच सांगता आलं. तेवढ्यात अण्णा बाहेर आले. किल्ली त्यांनी आत टेबलावर ठेवली होती. मागून तात्या जेवून जा, जेवून जा म्हणत होते. आम्ही चालत स्टँडवर आलो.

यष्टीत खिडकीशी बसल्यावर ते बोलले. आवाज चढलेला नव्हता, पण मला माझ्या आयुष्यात ते तेवढे कधी रागावलेले आठवत नाहीत.

"तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं? पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हाच वास आला. चंदनाखालचा. मी फौजेत पुरातनं गाड्या काढल्यात नंदे, मला शिकवू नकोस."

"मग का नाही बोललात?"

"बोललो असतो तर काय झालं असतं? तिसऱ्यांदा मोडलं असतं. म्हणतील तेवढे पैसे देऊन आणली असती. शेडमध्ये खोलली असती. पुराच्या पाण्यानं वायरी कुजतात, कधी पेटतातही, पण सहा महिन्यांत वायरिंग सगळं नवं घातलं असतं. विमलला कळलंसुद्धा नसतं."

"आणि ते सहा महिने ताई कुठं बसली असती?" मी विचारलं. "पुढंच ना?"

अण्णांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली ते साताऱ्यापर्यंत.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आवं, आता काय करायचं?" आणि अण्णा मोरीत पाय धुवायला गेले. ताईनं सुई कापडात टोचून ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एक दिवस गप्प बसता आलं नाही तुला?" त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गुणगुणणं थांबलंच होतं. माझ्या मनात यायचं, तिनं एकदा माझ्यावर ओरडावं तरी. आई मिरच्या परत शेडमध्ये घेऊन गेली.

फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होता. सांगलीचा फोन आला का बघायला मी दिवसातून आठ-दहा वेळा काहीतरी आणायचं निमित्त काढून तिथं जायची. हिंग, मीठ, काडेपेटी. दुकानदार मला बघितलं की आधीच मान हलवायचा. त्याच दिवसांत रहिमतपूरचे एक मास्तर सकाळी सकाळी दारात आले. एक गाडी बघायची आहे, तुमच्याशिवाय घेणार नाही. अण्णा म्हणाले, "मास्तर, मला आता गाडीतलं कळत नाही. दुसरा कुणीतरी बघा." मास्तरांना ते थट्टेत म्हणतायत असं वाटलं. मी आत उभी होते. ताईचं लग्न मोडलं तर मोडलं, पण मी अण्णांचं काय करून ठेवलं, असं मला वाटलं. तेव्हापासून जेवताना हमरस्त्यावरची गाडी ऐकू आली तरी ते भाकरी मोडत राहायचे.

शेवटी फोन आला तो आक्कांचा. दुकानदार ओरडत आमच्या दारापर्यंत आला आणि मी पदर आवरणाऱ्या आईच्या पुढं पळाले.

"नंदा का? अण्णास्नी सांग, ती गाडी कुपवाडला कारखान्यात खोलायला टाकलीया. पार सांगाडा झालाय. ह्ये रोज सकाळी जाऊन तिथंच बसत्यात. काय काय नवं घातलं त्ये समदं बघत्यात."

"आणि ताई?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"तिचं काय? लगीन हाय त्याच दिशी हाय. मोडायला काय झालंय?" मग त्या म्हणाल्या, "त्वा चहाचं म्हनलीस, त्ये मी ह्यास्नी सांगितलंय बरं का."

ताईला मी ते सांगितलं तेव्हा ती उठली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच पाटावर बसून हसायला लागली.

गेल्या महिन्यात ताईचा धाकटा मुलगा मला कुपवाडला घेऊन गेला होता. त्याला जुनी गाडी घ्यायची होती, मोबाईलवर तिचे शंभर फोटो आणि तपासणीचा लांबलचक कागद होता. मी गाडीत बसले आणि पहिल्यांदा पट्टा शेवटपर्यंत ओढला. तो म्हणाला, "मावशी, हे काय?" मी म्हणाले, "तुझ्या आईला विचार." तात्या त्या दिवशी खरं बोलले होते की वेळ मारून नेत होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तात्या आता नाहीत, आणि अण्णाही नाहीत. कधी वाटतं दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते. हे मी भाच्याला सांगितलं नाही. त्याचे ते आजोबा.

लग्न साताऱ्यात झालं. पाठवणीच्या वेळी कार्यालयाच्या दारात ती पांढरी गाडी उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली. तात्यांनी नवी गाडी घेतलीच नव्हती. ताई गाडीपाशी आली, आई रडत होती, बायका तांदूळ घेऊन उभ्या होत्या. अण्णा फेटा बांधून जरा लांब, खांबापाशी. गाडीकडे बघत नव्हते. तेवढ्यात तात्या गर्दीतून त्यांच्याकडे गेले. हातात चहाचा कप होता. मला वाटलं आता ते चहा देतील, आणि मी धावत पुढं झाले, कशासाठी ते मला माहीत नाही.

तात्यांनी कप दिला नाही. तो तसाच हातात धरून ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अण्णा, चहा आनलाय. पर आत्ता देनार न्हाई. आदी गाडी बघा."

अण्णांनी फेटा काढून माझ्या हातात दिला. आईनं कमरेचा पांढरा रुमाल काढून पुढं केला. तिनं तो का घेऊन ठेवला होता ते मी नंतर कधी विचारलं नाही. अण्णांनी माळा बाजूला सारल्या आणि बॉनेट उघडलं. सगळं वऱ्हाड तांदूळ मुठीत धरून थांबलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आवं, मुहूर्त टळंल," आणि तात्या म्हणाले, "टळू द्या." अण्णांनी एकेक वायर बोटानं वर उचलून बघितली. गाडी चालू करायला लावली, सायलेन्सरपाशी खाली बसले, रुमाल धरला, रुमाल बघितला. मग उभे राहून डोळे मिटले आणि ऐकत राहिले. मीसुद्धा त्या वेळी पाय बदलले नाहीत.

ताई पुढच्या सीटवर बसली होती. अण्णा तिच्या दाराशी गेले, वाकले, आणि खांद्यापाशी लोंबणारा पट्टा धरून शेवटपर्यंत ओढला. सगळा काळा, नवा कोरा. त्यांनी सोडला. तो सरसर आत गेला. पुन्हा ओढला, ताईच्या शालूवरून, हारावरून आडवा घेतला आणि खटका लावला. खटका नीट बसला की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

"आता द्या चहा, पाव्हणं," ते म्हणाले.

चहा केव्हाच गार झाला होता. अण्णांनी तो उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला.